पेटीतली पत्रं कुणाची?

आप्पाकाकांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. पत्र ज्याच्या नावावर आलं त्याचं, आणि तो गेला की चुलीचं. उभी नोकरी पोस्टात झालेल्या माणसाचं हे मत आहे, त्यामुळे ते सहज उडवून लावता येत नाही. माझं म्हणणं इतकं आटोपशीर नाही. ते मांडायला मला वेळणेश्वरच्या त्यांच्या पडवीत अख्खी दुपार लागली, आणि शेवटी ते त्यांना पूर्ण पटलं असंही नाही.

वादाला कारण झाली माळ्यावरची एक पत्र्याची पेटी. काकांचे मामेभाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणत, मुंबईत मुलांचं एक छोटं मासिक चालवायचे. ते बंद पडल्यावर नाना गावी आले आणि येताना मासिकाचा पत्रव्यवहार घेऊन आले. त्यात एका बालसाहित्यिकानं त्यांना वर्षानुवर्षं लिहिलेली पत्रं आहेत. त्या लेखकाचं नाव इथे देत नाही, कारण ते द्यावं की नाही हाच तर वाद आहे. ही पत्रं एखाद्या ग्रंथसंग्रहालयात जावीत म्हणून मी गेले होते.

"वाचलीस तू ही?" काकांनी पहिला प्रश्न केला.

"चाळली."

"चाळली म्हणजे वाचलीच. आमच्या खात्याचा १८९८ चा कायदा होता. कर्मचाऱ्यानं टपाल फोडलं तर नोकरी जायचीच, वर शिक्षा. पोस्टकार्ड तर उघडंच असतं. तरी जुने पोस्टमन पत्ता सोडून दुसरीकडे नजर टाकत नसत. म्हणजे टाकत असतील, पण कबूल करत नसत."

"काका, ही पत्रं नानांना भाऊ किंवा मित्र म्हणून लिहिलेली नाहीत. संपादकाला लिहिलेली आहेत. पत्ता मासिकाचा आहे."

"आणि आत काय आहे? मुलाला ताप आहे, गोष्ट उशिरा पाठवतो, मानधन आधी मिळालं तर बरं. हे मासिकाला लिहिलंय की नानाला?"

त्यांनी नेमकं अवघड जागेवर बोट ठेवलं. मुलांच्या मासिकांचा कारभार बहुतेक एकखांबी असायचा. संपादक तोच, मुद्रितं तपासणारा तोच, वर्गणीदारांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवणाराही तोच. अशा माणसाला लेखक पत्र लिहितो तेव्हा गोष्टीचा शेवट बदलण्याबद्दलचा राग, चित्रकाराबद्दलची कुरकुर आणि घरभाड्याची चिंता एकाच कागदावर येते. कामाचं कुठलं आणि घरचं कुठलं, हे कात्रीनं वेगळं करता येत नाही. काका यावरून म्हणतात, सगळंच घरचं धरा. मी म्हणते, यातच मराठी बालसाहित्याचा न लिहिलेला इतिहास आहे.

"कसला इतिहास?" ते म्हणाले. "पुस्तकं आहेत ना छापलेली? ती वाचा."

मी त्यांना बिअट्रिक्स पॉटरची हकीकत सांगितली. ४ सप्टेंबर १८९३ ला या बाईंनी आपल्या जुन्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिलं. त्यात एका सशाची गोष्ट होती. मुलानं पत्र जपून ठेवलं. काही वर्षांनी बाईंनी ते परत मागून घेतलं, वाढवलं, १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चानं छापलं आणि १९०२ मध्ये वॉर्न कंपनीनं 'पीटर रॅबिट' बाजारात आणलं. त्या घरात आप्पाकाका असते, तर जगाला पीटर रॅबिट मिळाला नसता.

"मुलगा होता तो. मुलं जपतातच," काका हसले. "संपादकाचं सांग."

संपादकाचंही त्याच कथेत आहे. पॉटरबाईंची पुस्तकं पाहणारा संपादक नॉर्मन वॉर्न. पत्रं कामाची, चित्रांच्या मापाची, रंगांची, बाहुलीघराची. ती लिहिता लिहिता १९०५ च्या जुलैमध्ये त्यानं लग्नाची मागणी घातली. बाईंच्या आईवडिलांना हा छापखान्याच्या धंद्यातला जावई पसंत नव्हता, तरी बाईंनी होकार दिला. महिन्याभरात नॉर्मन वारला. चित्राचं माप कधी संपलं आणि माणूस कधी सुरू झाला, हे त्या पत्रांत दिसतं. पुस्तकांत ते कुठेच नाही.

"आणि ते आपण वाचायचं?"

"का नाही?"

"बाईला विचारलं होतं कुणी?"

खरं सांगायचं तर इथे मी स्वतःच त्यांच्या हातात कोलीत दिलं. पॉटरबाई तरुणपणी स्वतः शोधलेल्या सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहीत. लेस्ली लिंडर नावाच्या एका चाहत्यानं वर्षानुवर्षं खटपट करून १९५८ मध्ये ती लिपी फोडली आणि १९६६ मध्ये रोजनिशी छापून आली. हे ऐकल्यावर काका ताठ बसले. "म्हणजे बाईनं कुलूप लावलं, आणि तुमच्या लोकांनी किल्ली बनवली. तिचा नकार याहून स्पष्ट कसा असायला हवा होता?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. लिंडरनं फार मोठं काम केलं असं मला वाटतं, आणि काकांचा प्रश्नही मला रास्त वाटतो.

मी आपल्याकडे वळले. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे दापोली तालुक्यातले, आपल्याच जिल्ह्यातले. त्यांनी पुतणीला लिहिलेली पत्रं 'साधना' साप्ताहिकात येत, आणि पुढे 'सुंदर पत्रे' म्हणून पुस्तकरूपानं आली. फुलं, पाखरं, पाऊस, थोरांच्या गोष्टी, देशातल्या घडामोडी, सगळं एका मुलीला सांगितलेलं. गुरुजी आणि मुलं यांचं नातं समजायला 'श्यामची आई'इतकंच ते पुस्तक लागतं.

"हे उदाहरण तुझ्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे," काका म्हणाले. त्यांनी ते पुस्तक वाचलेलं होतं, आणि बहुधा माझ्यापेक्षा नीट. "'साधना' काढली कुणी? गुरुजींनीच, १५ ऑगस्ट १९४८ ला. लिहिणारे तेच, छापणारे तेच. पुतणीला लिहिताना त्यांना ठाऊक होतं, हे सगळ्या महाराष्ट्रातली मुलं वाचणार. हवं ते त्यांनी आत ठेवलं, नको ते बाहेर ठेवलं. ते पत्र कसलं? पत्राच्या रूपातला लेख तो. त्यांचं दुसरं पुस्तक आहे ना, 'श्यामची पत्रे', तसाच. आपलं पत्र छापायचा हक्क एका माणसाला असतो, लिहिणाऱ्याला. गुरुजींनी तो बजावला. या पेटीतल्या माणसानं बजावलेला नाही."

कायदाही जवळजवळ असंच म्हणतो, हे मला मान्य करावं लागलं. १७४१ मध्ये अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीनं, आपली पत्रं परवानगीवाचून छापणाऱ्या एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला. निकाल असा झाला की कागद ज्याला पत्र आलं त्याचा, पण मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा याच वाटेनं जातो. लेखक वारल्यानंतर ६० वर्षं तो हक्क वारसांकडे राहतो. गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यामुळे त्यांची हयातीत छापलेली पुस्तकं २०११ च्या आरंभापासून सर्वांना खुली झाली. न छापलेल्या लेखनाचं गणित निराळं आहे. ते लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलं, तर त्या छपाईनंतरची ६० वर्षं मोजतात.

"मग संपलंच की," काका म्हणाले.

"नाही ना. त्याच कायद्यात एक पोटकलम आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात अप्रकाशित लेखन ठेवलेलं असेल, तर लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं उलटल्यावर संशोधनासाठी, अगदी छापण्यासाठीही, त्याची नक्कल करता येते. ही सवलत माळ्यावरच्या पेटीला नाही. म्हणजे पत्रं कुठे ठेवली आहेत, यानं फरक पडतो."

काका गप्प झाले. नियमाचा माणूस नियमापुढे थोडा थांबतो. मग म्हणाले, "म्हणजे साठ वर्षं कुणी हात लावायचा नाही, असंही त्यात आहे."

"छापायला. जपायला नाही."

आमच्या भांडणात एवढाच एक मुद्दा मला पूर्णपणे माझा वाटतो. जमवणं आणि छापणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडे ती एकच समजली जातात, म्हणून घरचे लोक घाबरतात आणि पत्रं जाळतात. 'कुणाच्या हाती नको पडायला' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याची चीड येणंही आता बंद झालंय. मृत्यूची बातमी देणारं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचं, ही आपली जुनी चाल. काही घरांनी ती सगळ्याच पत्रांना लावली.

जी. ए. कुलकर्णींचा विषय निघणारच होता. धारवाडात राहून सभासमारंभांपासून चार हात दूर राहिलेला हा लेखक, डोळ्यांवर काळा चष्मा, छायाचित्राचा कंटाळा. १९८७ मध्ये ते गेले आणि पुढे त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड 'मौज'नं काढले. पहिल्या खंडात सगळी सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली. कथांमधला काळोख माहीत असलेल्या वाचकाला ती पत्रं वाचताना एक खट्याळ, चौफेर वाचणारा, मनमुराद हसणारा माणूस भेटतो. मुलांसाठी 'बखर बिम्मची' लिहिणारा माणूस हाच, हे तिथे पटतं. नुसत्या 'काजळमाया'वरून ते पटणं कठीण.

"तुम्ही वाचलेत ते खंड?" मी विचारलं.

"वाचले."

"मग?"

"वाचताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. सोडवत मात्र नव्हते."

हे त्यांचं उत्तर मला अख्ख्या दुपारचं सर्वांत प्रामाणिक वाटलं. पण त्यांनी लगेच पुढे जोडलं, "जी.ए. मोठे. त्यांच्या पत्रांत वाङ्मय आहे. आमच्या या माणसाच्या पत्रांत काय आहे? पंचवीस रुपये!"

इथे मी भांडले, आणि मुद्दाम भांडले. ते पंचवीस रुपयेच मला हवे आहेत. मराठीत मुलांच्या मासिकांची परंपरा लहान नाही. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' १९०६ चं, पुढे नागपूरचं 'मुलांचे मासिक', १९७१ पासून बालभारतीचं 'किशोर'. त्यांचे अंक कुठे कुठे सापडतात. पण त्यात लिहिणाऱ्याला एका गोष्टीचे किती मिळत, किती महिन्यांनी मिळत, भुताची गोष्ट कोण परत पाठवी, मुलीनं झाडावर चढण्याचा प्रसंग कुणी गाळायला लावला, हे कुठल्याही अंकात छापलेलं नाही. ते फक्त अशा पेट्यांत आहे. थोरामोठ्यांची पत्रं कुणीतरी छापतंच. मुलांसाठी लिहिणाऱ्याला आपण हयातीत अर्धा लेखक मानतो आणि मेल्यावर त्याचे कागद पाव लेखकाचेही समजत नाही.

आणि संपादकाच्या पत्रातून काय उभं राहतं, याचं एक उदाहरण मराठी वाचकाच्या घरातच आहे. राम पटवर्धनांनी केलेला 'पाडस' हा अनुवाद. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची 'द यर्लिंग', १९३८ ची, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालेली. ती लिहायला लावली संपादकानं. स्क्रिब्नर्सचे मॅक्सवेल पर्किन्स १९३३ पासून पत्रांमधून बाईंच्या मागे लागले होते, तुमच्या त्या रानातल्या एका मुलाबद्दल लिहा म्हणून. बाई दुसऱ्याच कामात होत्या. पाच वर्षांनी पुस्तक आलं. दोघांची सुमारे सातशे पत्रं १९९९ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली, म्हणून हे आपल्याला कळतं. आणि मराठीत ते पुस्तक आणणारे पटवर्धन स्वतः 'सत्यकथे'चे संपादक. लेखकाला पत्रं लिहून लिहून त्याच्याकडून चांगलं काढणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"दोघांची म्हणालीस," काकांनी बरोबर पकडलं. "त्या पर्किन्सची उत्तरंही होती?"

"होती. तिकडे कचेरीत टंकलेखन करायचे, कार्बन प्रत फायलीत राहायची. अर्सुला नॉर्डस्ट्रॉम म्हणून मुलांच्या पुस्तकांची एक संपादिका होती, तिची तर नुसती संपादकीय पत्रं १९९८ मध्ये पुस्तकात आली."

"आणि नाना हातानं लिहायचा. प्रत कसली ठेवतोय."

म्हणजे या पेटीत निम्मंच संभाषण आहे. उरलेलं निम्मं त्या लेखकाच्या घरी, असलं तर. लेखक काय म्हणाला ते कळतं, कशावर म्हणाला ते अंदाजानं घ्यायचं. संपादकाला आलेली पत्रं छापणाऱ्यांनी हे वाचकाला बजावून सांगायला हवं, कारण एकतर्फी पत्रांत संपादक नेहमी दुष्ट दिसतो. पैसे न देणारा, शेवट बदलणारा. नानांवर तोच अन्याय होणार, ही काकांची खरी भीती आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ते लेखकाची अब्रू सांभाळत नव्हते, भावाची सांभाळत होते.

चहा झाल्यावर मी काही कार्डं आणि पत्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांवर तारीख नव्हती. नुसतं 'सोमवार' किंवा 'संध्याकाळ'. "ही कधीची, सांगता येईल?" काकांनी आधी चष्मा पुसला, मग माझ्याकडे न बघता कामाला लागले.

"तिकीट आण्यांतलं आहे. म्हणजे छापील किंमत १ एप्रिल १९५७ च्या आधीची. हे बघ, इथे 'नये पैसे'. १९५७ ते १९६४ मधलं तिकीट. नंतर नुसते पैसे. पत्त्यात पिन कोड आहे? मग १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पिन नाही म्हणून आधीचं असं मात्र समजू नकोस, लोक कित्येक वर्षं लिहीतच नव्हते. आणि पोचल्याचा शिक्का पाकिटाच्या मागच्या बाजूला असतो. पाकीट कुठे आहे याचं?"

पाकीट नव्हतं. कुणीतरी पत्रं नीट लावताना पाकिटं फेकून दिली होती. काकांना हे पत्र वाचण्यापेक्षा मोठं पाप वाटलं. "पत्र ठेवलं आणि पाकीट टाकलं! अरे, तारीख पाकिटावर असते!"

त्यानंतरचा तासभर वाद झालाच नाही. टाचण्यांच्या गंजानं कागदाला भोकं पडली होती, काही घड्या कसरीनं खाल्ल्या होत्या, आणि एका पत्रावर कुणी मायेनं सेलोटेप लावली होती, तिथली शाई तपकिरी होऊन गेली होती. समुद्रावरच्या गावात, पावसाचे चार महिने, जांभ्याच्या भिंती घाम गाळत असताना कागद टिकला हेच नवल. काका टाचण्या काढत होते आणि मी यादी करत होते: पाठवणारा, अंदाजे तारीख, विषय एका ओळीत. विषयाच्या रकान्यात 'आजारपण' असं लिहायला काकांनी मला मनाई केली. 'घरगुती' लिही म्हणाले. मी लिहिलं.

मग त्यांनी तीन पत्रं बाजूला काढली.

"ही जाळायची."

"का?"

"यात त्याच्या बायकोबद्दल आहे. तिची मुलं आहेत अजून."

मी ती वाचली नव्हती आणि नंतरही वाचली नाहीत. पण जाळायला माझा ठाम विरोध होता, अजून आहे. "काका, जाळू नका. बंद पाकिटात घाला, वर लिहा, अमुक सालापर्यंत उघडू नये. संग्रहालयाला देताना लेखी अट घाला."

"अट पाळतील कशावरून?"

"तुमच्या खात्यावर लोकांनी विश्वास ठेवलाच ना?"

हा युक्तिवाद थोडा लबाडीचा होता, हे मला माहीत आहे. पण त्यांनी तो मनाला लावून घेतला. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि मधल्या ओळी काळ्या करून छापतात, तसं चालेल?"

मला ते जाळण्याइतकंच वाईट वाटतं. लेखकाची तीन वाक्यं गाळून चौथं छापलं, की वाचक गाळलेल्यात भलतंच भरतो. त्यापेक्षा अख्खं पत्र कुलपात राहू दे. नातवंडांचा काळ उलटल्यावर कुणी उघडेल, तेव्हा ते पूर्ण असलं पाहिजे. काका म्हणाले, आपल्या लोकांना एवढा धीर नाही. कदाचित नसेल. आपल्याकडे एक तर सगळं जाळतात, नाही तर दिवाळी अंकात सगळं छापून मोकळे होतात.

वाद जिथे थांबला ती जागा अशी. काकांचं मत आजही तेच आहे, परक्याचं पत्र वाचणं वाईट. माझं मत आजही तेच आहे, जपणं वाचण्याच्या आधी येतं आणि छापणं फार नंतर. पेटी अजून वेळणेश्वरलाच आहे. लेखकाच्या मुलांना काकांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं आहे, फोन केला नाही. त्यांची संमती आली की यादीसकट सगळं ग्रंथसंग्रहालयात जाईल, ती तीन पत्रं सीलबंद. नकार आला तर पेटी त्यांच्या हवाली करायची, असं आमचं ठरलं आहे. जाळायचं नाही, हे काकांकडून मी लिहून घेतलं आहे.

तुमच्या घरी कुणी मुलांचं मासिक, दिवाळी अंक किंवा शाळेचं वार्षिक चालवत असेल, आणि त्यांच्या मागे अशी एखादी पेटी उरली असेल, तर एवढं करा. पत्रं पाकिटांसकट ठेवा. टाचण्या काढा, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. साधी यादी करा. लिहिणाऱ्याच्या घरी कळवा, आणि नानांसारख्यांची उत्तरं त्यांच्याकडे आहेत का तेही विचारा. छापायचं की नाही हे पुढचं कुणी ठरवेल. पाऊस मात्र दर जूनमध्ये येतो, त्याच्या आत पेटी माळ्यावरून खाली काढा.